कॅंटनची एकच खिडकी, मग एवढा चहा बाहेर गेला कसा?

मिरजकर_मी

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण राज्यसेवेचा अभ्यास करते आहे आणि तिची टिपणं मी रात्री वाचत बसतो. चीनच्या प्रकरणात एका पानावर लिहिलंय की छिंग बादशहांनी देश जगापासून बंद करून घेतला, १७५७ पासून युरोपियनांना फक्त कॅंटन बंदर उघडं ठेवलं, आणि १७९३ साली इंग्रज वकील मॅकार्टनी नजराणे घेऊन गेला तेव्हा छ्येनलुंग बादशहाने 'तुमच्या मालाची आम्हाला गरज नाही' असं कळवून टाकलं. पान उलटलं की लगेच इंग्लंडात घरोघरी चीनचा चहा, आणि मुंबईचे पारशी शेटजी चीनच्या व्यापारावर गब्बर.

मला हे जुळत नाही. दार बंद होतं तर माल निघाला कुठून? त्यांना काही नकोच होतं तर चहाचे पैसे कशात फेडले? 'अफू' हे एका शब्दाचं उत्तर मलाही येतं, तेवढं नकोय. व्यवहार कसा चालायचा ते सांगा. कोण कुणाला पैसे द्यायचं, जकात कुठे भरायचे, कागद कुठला. इथे बंदरात नोकऱ्या केलेले एक-दोन जण आहेत ना?

जुना_गोदीकर

आहे एक. माझा जन्म क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत गेला, आधी मुंबईची गोदी, मग न्हावाशेवा. इतिहासाच्या पुस्तकात लढाया आल्या की मी पानं उलटतो, जकातीचं प्रकरण आलं की चष्मा पुसून बसतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

'बंद' हा शब्द आधी खोडा. कांगशी बादशहाने १६८४ मध्ये समुद्रावरची बंदी उठवून किनाऱ्याच्या चार प्रांतांत चार जकात कचेऱ्या उघडल्या. चिनी व्यापाऱ्यांची गलबतं मनिला, बटाव्हिया, सयामला नेमाने जात होती. रशियनांशी उत्तरेत क्याख्ताला जमिनीवरून व्यापार चालू होता. १७५७ ची आज्ञा एवढीच, की समुद्रावरून येणाऱ्या युरोपियनांनी कॅंटनलाच यायचं. कारणही घमेंडीचं कमी आणि बंदोबस्ताचं जास्त होतं. इंग्रजांची जहाजं स्वस्त माल आणि कमी पट्टी शोधत उत्तरेला निंगबोकडे सरकू लागली होती. प्रत्येक बंदरावर नवे गोरे, नवे दलाल, नवी भांडणं कशाला? ईस्ट इंडिया कंपनीचा जेम्स फ्लिंट चिनी भाषा शिकलेला. तो १७५९ मध्ये कॅंटनच्या अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार घेऊन थेट तिएनजिनपर्यंत गेला. चौकशी झाली, जकातीचा अधिकारी हटवला गेला, पण फ्लिंटलाही तीन वर्षं मकावमध्ये, नदीच्या मुखाजवळच्या पोर्तुगीज ठाण्यात, कोंडलं, आणि त्याचा अर्ज लिहून देणाऱ्या चिनी माणसाचं डोकं उडवलं. (अर्ज लिहून देणाऱ्यावरच सगळं शेकतं, हे मी नोकरीतही पाहिलंय. डोकं तेवढं शाबूत राहायचं.)

आता जहाज आत कसं यायचं ते बघा. मुंबईहून मे-जूनच्या वाऱ्यावर निघालेलं जहाज पावसाळा सरता सरता मकावला लागायचं. तिथे परवाना आणि वाटाड्या घ्यायचा. हूमनच्या किल्ल्यांमधून, म्हणजे नदीच्या तोंडातून, वर चढून व्हाम्पोआला नांगर टाकायचा. मोठं जहाज त्याच्या पुढे जात नसे, कॅंटन शहर तिथून आणखी वर. मग जकातीचा मुख्य अधिकारी, परदेशी ज्याला 'होप्पो' म्हणत, तो लवाजम्यासकट यायचा आणि डोलकाठ्यांमधलं अंतर नि जहाजाची रुंदी दोरीने मोजायचा. त्या मापावर बंदरपट्टी. शिवाय 'भेट' म्हणून १,९५० तेल (हे चिनी वजन) चांदी. भेट ऐच्छिक नव्हती, पावतीत छापल्यासारखी ठरलेली होती. एक तेल म्हणजे साधारण ३७ ग्रॅम. म्हणजे नुसत्या भेटीचीच ७० किलोच्या वर चांदी झाली. होप्पो हा बादशहाच्या घरखात्याचा माणूस, प्रांताच्या सुभेदाराचा नव्हे. वरकमाईचा एक ओघ थेट राजवाड्याकडे जात होता. छ्येनलुंगने 'गरज नाही' लिहिलं ते इंग्रजांच्या घड्याळांबद्दल आणि यंत्रांबद्दल. कॅंटनच्या जकातीची त्याला चांगलीच गरज होती.

खरी गंमत जामिनाची. प्रत्येक जहाजाला हाँग व्यापाऱ्यांपैकी एक जण जामीन लागायचा. हे सनदी घाऊक व्यापारी, कधी दहा, कधी तेरा. पट्टी थकली, खलाशाने दारू पिऊन मारामारी केली, कप्तानाने नियम मोडला, तर सरकार परदेशी माणसाला हात लावण्याआधी जामिनाची मान धरायचं. दुभाषे सगळे फॉर्म भरायचे, 'काँप्रादोर' जहाजाला कोंबड्या, भाजी, पाणी पुरवायचे. नदीकाठच्या तेरा वखारी परदेशी लोक हाँग व्यापाऱ्यांकडून भाड्याने घ्यायचे. वखारीत बायकामुलं आणायची नाहीत, शहराच्या तटाच्या आत जायचं नाही, हंगाम संपला की मकावला परतायचं. जाच होताच. पण सगळी पट्टी भरली की 'मोठा शिक्का' मिळायचा आणि जहाज सुटायचं. नियम ठरलेले, माणसं ठरलेली. हौक्वा नावाने जगभर माहीत असलेला हाँग व्यापारी वू बिंगज्येन १८३४ मध्ये आपली मालमत्ता २ कोटी ६० लाख डॉलर सांगत होता, त्याचे पैसे पुढे अमेरिकेच्या रेल्वेत गुंतले. याला बंद देश म्हणायचं तर माझी गोदीही बंदच होती.

चहा यायचा फुच्येनच्या वूयी डोंगरातून. होड्यांनी नद्या उतरत, मेइलिंगचा घाट हमालांच्या खांद्यावरून ओलांडत, पुन्हा नदीने कॅंटनला, महिना उलटून जायचा. इंग्लंडने १७८४ मध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि मागणी धो धो वाढली. पैसे मोजायचे मेक्सिको-पेरूच्या चांदीचे स्पॅनिश डॉलर. कंपनीकडे एवढी चांदी नव्हती, आणि लंडनमध्ये ओरड सुरू झाली की सगळी चांदी चीनला चालली.

इथे मुंबई आली. मुंबईतून आधी गेला कापूस. भडोच-सुरतेकडचा कच्चा कापूस, दाबून बांधलेल्या गासड्या, थेट व्हाम्पोआला, राजरोस, पट्टी भरून. १८२० च्या दशकापर्यंत हिंदुस्थानातून चीनला जाणाऱ्या मालात पहिला नंबर त्याचाच होता. हे बहुतेक लोक विसरतात.

अफू मात्र त्या खिडकीवर कधी आलीच नाही. युंगचंग बादशहाने १७२९ मध्येच तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. कंपनीचं म्हणणं, आम्ही अफू चीनला नेतच नाही. खरंच नेत नव्हती! बंगालची अफू ती कलकत्त्यात लिलावाने विकायची आणि हात झटकायची. खाजगी व्यापारी ती न्यायचे. १८२१ नंतर ती उतरायची लिंटिन बेटाजवळ नांगरून ठेवलेल्या गोदामी जहाजांवर, नदीच्या तोंडाबाहेर. तेच जहाज मग अंगावर फक्त कापूस ठेवून, अगदी सोवळं होऊन, व्हाम्पोआला माप द्यायला जायचं. चिनी दलाल कॅंटनच्या वखारीत येऊन चांदी मोजायचा आणि त्याला चिठ्ठी मिळायची. ती चिठ्ठी लिंटिनला दाखवली की पेट्या त्याच्या वेगवान वल्ह्यांच्या होडीत. आमच्याकडे ज्याला डिलिव्हरी ऑर्डर म्हणतात, अगदी तोच कागद.

चांदी परत मुंबईला आणायची गरज नव्हती. व्यापारी ती कॅंटनमध्येच कंपनीच्या खजिन्यात भरायचा आणि लंडनवरची किंवा कलकत्त्यावरची हुंडी घ्यायचा. कंपनी त्याच चांदीने चहा उचलायची. म्हणजे चिनी अफूबाजाची चांदी चार पावलं चालून चिनी चहावाल्याकडेच जायची, मधे दोन कागद फिरायचे, आणि कंपनीच्या वहीत 'अफू' हा शब्दही यायचा नाही. मी पुष्कळ वह्या पाहिल्यात. इतकी स्वच्छ वही दिसली की मला आधी संशय येतो.

ताळगांवकार

वर मकाव तीनदा आलं म्हणून. ते तेव्हा गोव्याच्या ताब्यात होतं हे मुंबईच्या लोकांच्या लक्षात राहत नाही. पोर्तुगीज १५५७ पासून तिथे बसले, पण १८४४ पर्यंत मकावचा गव्हर्नर गोव्याच्या हाताखाली. आणि अफूच्या गोष्टीत दमणला विसरून कसं चालेल? माळव्याची अफू इंग्रजांच्या मुंबईतून न्यायला कंपनी आडवी येत होती, तेव्हा व्यापाऱ्यांनी ती पोर्तुगीजांच्या दमणवरून चढवली. मुंबईत राहणारा आमचा गोंयकार रोजेरियो दे फारिया त्या धंद्यातलं मोठं नाव होतं. सगळं श्रेय (की पाप?) एकट्या पारशांच्या खात्यावर टाकू नका. सर जमशेटजी जीजीभॉयांचे भागीदार बघा, मोतीचंद अमीचंद जैन, महंमदअली रोगे कोकणी मुसलमान. पैशाला गोत्र नव्हतं.

मकावमध्ये १८२९ ची पारशी दफनभूमी अजून आहे. तिथे दखमा (पारशी मृतदेह ठेवतात तो मनोरा) नव्हता म्हणून पुरावं लागलं. व्हाम्पोआजवळच्या बेटावरही त्यांच्या कबरी आहेत.

राजवाडा_ते_सराफा

इंदूरहून लिहितोय. आमच्याकडे चार पिढ्या मराठी बोलली जाते, त्यामुळे हा धागा आमचाही आहे.

गोदीकरकाका, तुम्ही बंदरापासून सुरुवात करता, मी शेतापासून करतो. कंपनीची मक्तेदारी बंगाल-बिहारच्या अफूवर. माळवा होळकर, शिंदे आणि लहान संस्थानांचा. १८१८ नंतर इंग्रज वरचढ झाले तरी शेतात काय पेरायचं हे त्यांना ठरवता येईना. आधी त्यांनी स्वतःच सगळी अफू विकत घेऊन बघितली, मग संस्थानांशी करार करून लागवड आणि वाहतूक आवळायचा प्रयत्न केला. काही उपयोग झाला नाही. शेतकरी, सावकार, संस्थानाचा खजिना, सगळ्यांचं पोट त्यावर. माल उंटांवरून पाली, जैसलमेर करत सिंधमधून कराचीला जायचा आणि तिथून समुद्राने दमणला. नकाशा काढून बघा, काय उलटा वळसा आहे! तरी परवडायचं.

शेवटी १८३१ मध्ये कंपनीने हार मानली आणि परवाना पद्धत आणली. मुंबईतून न्या, दर पेटीला १७५ रुपये भरा. चार वर्षांत ते १२५ करावे लागले, कारण दमणचा वळसा तरीही स्वस्त पडत होता. मग १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, तो रस्ता तुटला आणि पट्टी पुन्हा भराभर चढली. तोवर काही वर्षी चीनला गेलेल्या पेट्यांत माळव्याच्या पेट्या बंगालपेक्षा जास्त होत्या. मंदसौर-नीमचकडे आजही सरकारी पट्ट्यावर अफू होते. थंडी सरताना पांढऱ्या फुलांची शेतं दिसतात, मग बोंडांना चिरा देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी चीक खरवडतात.

एक सांगावंसं वाटतं. 'इंग्रजांनी चीनला अफू पाजली' हे वाक्य खरं आहे, पण त्यात आमचे सावकार अगदीच गरीब गाय होऊन जातात. ते गाय नव्हते.

मिरजकर_मी

सगळ्यांचे आभार, हे बहिणीच्या पुस्तकात कुठेच नाही. पण काका, तुमच्या म्हणण्याप्रमाणे खिडकी नीट चालत होती, चोरटा धंदाही नीट चालत होता, सगळे खुश. मग १८३९ ला एकदम काय झालं? बादशहाचा अधिकारी लिन झशू कॅंटनला आला आणि अफू नष्ट केली एवढं पुस्तकात आहे. नैतिक राग होता का?

जुना_गोदीकर

राग होताच, लिन झशू सच्चा माणूस होता. पण बादशहाला झोप लागत नव्हती ती चांदीमुळे.

शतकाच्या सुरुवातीला चीनला वर्षाला सुमारे चार हजार पेट्या जात होत्या. १८३८ पर्यंत त्या चाळीस हजारांच्या घरात गेल्या. इतक्या पेट्यांचे पैसे नुसत्या चहातून वळते होईनात, चांदी देशाबाहेर वाहू लागली. त्यातच स्पॅनिश अमेरिकेत स्वातंत्र्याची युद्धं होऊन तिकडच्या खाणींची चांदी आटली होती. चीनमध्ये दोन नाणी चालायची. सरकारचा सारा चांदीच्या हिशेबात. शेतकरी बाजारात धान्य विकणार तांब्याच्या भोकवाल्या पैशांत. ठरलेला भाव एक तेल चांदीला हजार पैसे. १८३० च्या दशकाच्या अखेरीला तो सोळाशेच्या आसपास गेला. साऱ्याचा दर तोच, पीक तेच, आणि शेतकऱ्याला दीडपटीहून जास्त पैसे मोजावे लागतात. ज्याने आयुष्यात अफूला हात लावला नाही त्यालाही तिची पट्टी बसली. सारा थकला, फौजेचे पगार रखडले, मीठवाले व्यापारी बुडाले.

दरबारात दोन पक्ष पडले. १८३६ मध्ये शू नायजी नावाच्या अधिकाऱ्याने लिहिलं, अफू कायदेशीर करा, जकात लावा, पण मोबदला चांदीत नाही, मालाच्या बदल्यात माल. जकातीचा माणूस म्हणून मला हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. त्याने अफूच्या व्यसनाचं काय झालं असतं हा प्रश्न वेगळा, तो मी टाळत नाही, पण निदान माल खिडकीवर आला असता. दुसरा पक्ष जिंकला आणि दाओग्वांग बादशहाने लिनला खास अधिकार देऊन पाठवलं.

लिन मार्च १८३९ मध्ये कॅंटनला पोचला आणि त्याने केलं काय, तर जुनीच जामिनाची कळ फिरवली. हौक्वा आणि त्याच्या जोडीदाराच्या गळ्यात साखळ्या घालून त्यांना वखारीत पाठवलं, की हे परदेशी ऐकत नसतील तर तुमची डोकी जातील. सत्तरीच्या दारातला, जगातला एक श्रीमंत माणूस साखळीत उभा आहे, बघा. मग वखारी वेढल्या, नोकर काढून घेतले. इंग्रज अधिकारी चार्ल्स एलियटने सगळ्या व्यापाऱ्यांना सांगितलं, अफू माझ्या हवाली करा, भरपाई इंग्लंडचं सरकार देईल. मला विचाराल तर सगळं युद्ध या एका पावतीत आहे. तोपर्यंत ती चोरट्या व्यापाऱ्यांची अफू होती, जप्त झाली असती तर त्यांचं नशीब. पावती फाटली आणि ती इंग्लंडच्या राणीची मालमत्ता झाली.

२०,२८३ पेट्या. हूमनला किनाऱ्यावर खड्डे खणले, पाणी, मीठ, चुना टाकून ३ जूनपासून तीन आठवडे ती अफू विरघळवून समुद्रात सोडली. त्याआधी लिनने सागरदेवतेची क्षमा मागून विनवलं की जलचरांना काही दिवस लांब पाठव. त्या सगळ्या प्रकरणात माशांचा विचार केलेला तेवढा एकच माणूस.

लंडनच्या पार्लमेंटात युद्धाला विरोध करणारा ठराव १८४० मध्ये नऊ मतांनी पडला, २७१ विरुद्ध २६२. पुढचं बहिणीच्या पुस्तकात असेलच: २९ ऑगस्ट १८४२, नानकिंगचा तह, पाच बंदरं, हाँगकाँग, हाँग व्यापाऱ्यांची मक्तेदारी रद्द, २ कोटी १० लाख डॉलर दंड. त्यातले ६० लाख त्या बुडवलेल्या अफूचे आणि ३० लाख हाँग व्यापाऱ्यांकडच्या थकबाकीचे. बाकी तहात अफूबद्दल काही नाही, ती बेकायदाच राहिली आणि व्यापार दणक्यात चालू राहिला. हौक्वाने त्याआधीच, १८४१ मध्ये, कॅंटन शहर वाचवायच्या खंडणीत एकट्याने ११ लाख भरले होते. तहानंतर साधारण वर्षभराने तो गेला.

पुस्तकात नसेल ते सांगतो. तह झाला 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर, नानकिंगसमोर यांगत्से नदीत. ती ७४ तोफांची नौका १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधली, सागवानी. १८४० मध्ये चूशान बेटावर तोफा डागणारी 'वेलस्ली' हीसुद्धा मुंबईचीच, १८१५ ची. आणि १८४२ सालीच जमशेटजी जीजीभॉयांना 'सर' ही पदवी मिळाली, हिंदी माणसाला पहिल्यांदा. त्यांनी सोळाव्या वर्षी चीनची पहिली सफर केली होती. १८०५ च्या सफरीत फ्रेंचांनी जहाज पकडलं, त्या जहाजावरचा डॉक्टर होता विल्यम जार्डिन, पुढे कॅंटनमधला सगळ्यात मोठा अफू व्यापारी. जमशेटजींच्या मालाचा तिकडचा आडत्या तोच. जे. जे. रुग्णालय १८४५ चं, आणि माहीमचा बांध ज्यावरून आपण वांद्र्याला जातो तोही त्याच वर्षीचा, त्यांच्या पत्नी लेडी अवाबाईंच्या पैशातून.

ताळगांवकार

गोदीकर, 'कॉर्नवॉलिस' जिथे बांधली ती जागा बघता येते का?

जुना_गोदीकर

नाही. ती आता नौदलाची गोदी आहे, लायन गेटच्या आत. बाहेरून दरवाजा बघा आणि काळ्या घोड्याकडे चहा प्या.

पाचगणीची_सुमन

थोडं अवांतर. चिनी माणसं आपल्याकडेही आली होती, बेड्या घालून. महाबळेश्वरला १८३४ च्या सुमारास मलाक्काकडून पाठवलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग बांधला, साधारण सव्वाशे कैदी. जुन्या गॅझेटियरमध्ये आहे की बटाटे, मुळे आणि इतर भाजीपाला त्यांनी लावला आणि वेताच्या टोपल्या विणायला तिथल्या लोकांना शिकवलं. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. आमच्याकडे बाजारात वेताच्या काठ्या विकणाऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणतात, ताई, काठी घेणार आहात का?

मिरजकर_मी

सुमनताई, याचा स्वतंत्र धागा काढा ना. बहिणीने टिपणातलं 'बंद' खोडून 'जामीन पद्धत' लिहिलंय आणि विचारते आहे की परीक्षेत असं लिहिलं तर मार्क मिळतील का.

राजवाडा_ते_सराफा

नाही मिळणार. दोन्ही लिही म्हणावं.